कोठारातली मुंगूस

काटेवाल्यांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. वजनकाटे तपासायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांतून हिंडायचं, काटा केसभर जरी झुकला तरी दुकानदाराला तसं तोंडावर सांगायचं, आणि चहाही न घेता निघायचं. असा माणूस दर रविवारी दुपारी आम्हाला राक्षसांचा आणि किल्ल्यांचा खेळ खेळवायचा. आता बोला.

खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला. टेबलावर चौकटींचा नकाशा पसरायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. मी तलवारबाज आणि पोस्टातले कारकून मंत्रतंत्र जाणणारे म्हातारे. समोर काय आहे ते सूत्रधार म्हणून काटेवाले सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवणार. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, म्हणून एकदा खाली गेलो आणि कायमचा अडकलो.

सगळ्यात कडक नियम दबा धरण्याचे. लपायचं असेल तर फासा टाका. पहारेकऱ्याच्या नजरेला जो आकडा ठरलेला असतो त्यापेक्षा तुमचा मोठा आला, तर तुम्ही लपलात. मग तुमची सोंगटी नकाशावरून उचलली जाते आणि काटेवाल्यांच्या शर्टाच्या खिशात जाते. लपलेला माणूस वार करेपर्यंत, आवाज करेपर्यंत किंवा कुणी शोधून काढेपर्यंत लपलेलाच राहतो. अंधारातून केलेला त्याचा वार दुप्पट लागतो. आणि ज्याच्यावर तो पडला तो गाफील. पहिल्या फेरीत त्याला हलता येत नाही, ओरडता येत नाही, काही म्हणजे काही करता येत नाही. माझा पहिला तलवारबाज असाच गेला.

"अहो, निदान ढाल तरी वर करतो की मी!"

"गाफील आहात," काटेवाले म्हणाले. "काय झालंय ते तुम्हाला अजून कळलेलंच नाही."

मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

लपण्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि कवळ्यांच्या उरल्यासुरल्या गुलाबी प्लॅस्टिकमधून आमच्या सोंगट्या तिनेच कोरल्या होत्या. माझा शूर तलवारबाज हिरड्यांच्या रंगाचा आहे, पण तक्रार कुणाकडे करणार? तिचं स्वतःचं पात्र म्हणजे एक चोरटी, नाव मुंगूस. दोघं भावंडं बिनलग्नाची, आईवडील गेल्यावर त्याच दोन खोल्यांत राहिलेली. ती बडबडी, हे घुमे. ती बोलायची म्हणून यांना बोलावं लागत नसे, आणि त्यात कुणाचं काही अडतही नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मुंगूस किल्ल्याच्या धान्यकोठारात लपली. फासा चांगला एकोणीस पडला. गुलाबी सोंगटी खिशात गेली आणि आम्ही चहाला थांबलो. कप भरता भरता ताई म्हणाली, "मी लग्न करतेय. ते कवळ्यांचं सामान घेऊन येतात ना, त्यांच्याशी. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावी जाईन."

वय बावन्न तिचं! माझं बिस्कीट चहात पडलं. कारकुनांनी अभिनंदन केलं, मग मीही केलं. काटेवाले मात्र नुसते बसून राहिले. तो सामानवाला दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत घरी येत-जात होता. यांनी स्वतःच्या हाताने त्याला पाणी दिलेलं मी पाहिलं आहे. ताई किटली हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ते काहीतरी बोलतील म्हणून आम्हीही थांबलो. शेवटी "चहा गार होतोय, छोट्या," एवढं म्हणून ती आत गेली.

खेळात दुसऱ्या फेरीला माणूस सावध होतो आणि त्याला हातपाय हलवता येतात. यांची दुसरी फेरी काही आली नाही. ती सामान बांधत होती तेव्हा हे दुरुस्तीला आलेल्या काट्यात डोकं घालून बसलेले. ती निघाली त्या दिवशी हे कामावर गेलेले. ट्रंक खाली नेऊन द्यायला मी होतो. ताई गाडीत बसेपर्यंत रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

नंतर तो राग राहिला नाही. रविवारी आम्ही गेलो की सुरुवातीला त्यांचा आवाज घोगरा यायचा, घसा सारखा साफ करावा लागायचा. सर्दी असेल असं मला वाटायचं. मग एकदा लक्षात आलं, की शनिवार दुपारपासून त्यांनी तो वापरलेलाच नसतो. ताईचा फोन अधूनमधून यायचा. "बरं आहे." "हो." "ठेवतो." तेवढ्यात आटपायचा. तिला वाटत असणार, भाऊ रागावला. रागावले नव्हते हो ते. तिला आनंदाने जा म्हणायचं राहून गेलं होतं, आणि इतक्या उशिरा ते कुठल्या तोंडाने म्हणावं हे त्यांना कळत नव्हतं.

मुंगूस मात्र कोठारातच होती. आम्ही तो किल्ला जिंकला, घालवला, परत जिंकला, पण त्या कोठारात कुणी पाऊल टाकलं नाही. एकदा कारकुनांनी विषय काढून पाहिला. "ताईंच्या पात्राचं आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? लपलेली आहे," काटेवाले म्हणाले आणि त्यांचा हात खिशावर गेला. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

मग आमच्यात मोटार शिकवणाऱ्या बाई आल्या. कारकुनांच्या शेजारीण. पात्र घेतलं तिरंदाजाचं, आणि स्वभाव असा की मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे बघितल्याशिवाय तिरंदाज जागचा हलायचा नाही. तिसऱ्याच रविवारी त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"हे कोठार कुणी तपासलंय का?"

कारकून छताकडे बघायला लागले. मी टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावला.

"पाय का मारताय?" बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "मी आत जाऊन शोधते." आणि फासा टाकला. वीस.

काटेवाल्यांना सहज म्हणता आलं असतं की आत फक्त उंदीर आहेत. बाईंना काय कळणार होतं? पण तो माणूस अर्ध्या ग्रॅमचंही खोटं बोलत नाही. त्यांनी खिशातून सोंगटी काढली आणि कोठाराच्या चौकटीत ठेवली.

"पोत्यांमागे एक बाई बसलीये. ठेंगणी. सुरी आहे, पण म्यानात. पाय अवघडले असावेत तिचे."

"मग ती काय करते?"

"ते मला सांगता येणार नाही. ज्याचं पात्र त्यानेच बोलायचं असतं."

"मग विचारा की त्यांना," बाई म्हणाल्या, जसं काही ताई बाहेरच्या खोलीतच बसली होती.

काटेवाल्यांनी खरंच फोन उचलला. स्वतःहून त्यांनी तो कधी लावला नव्हता. त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनमधलं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं.

"ताई, मी."

"छोट्या? काय झालं? बरा आहेस ना तू?"

"तू सापडलीस."

"काय?"

"कोठारात. समोर तिरंदाज आहे, हाताच्या अंतरावर. काय करतेस?"

पलीकडे काहीतरी चरचरत होतं. ते बंद झालं.

"मी अजून तिथंच आहे?"

"हो."

"अरे देवा. काय खाल्लं असेल रे मी इतके दिवस?"

"धान्याचं कोठार आहे," काटेवाले म्हणाले.

ताई हसली. ते तिचं जुनं, अख्ख्या जिन्यात ऐकू जाणारं हसू. मग ती थांबली. "तू मला तिथंच ठेवलंस होय रे?"

काटेवाल्यांनी चौकटीतली सोंगटी बोटाने सरळ केली.

"बरं, ऐक," ताई म्हणाली. "मी उठते. आणि निघते."

"कुठून?"

"दारातून. सगळ्यांच्या समोरून. आता लपायचं नाही."

एवढ्यात आमच्या कारकुनांना कंठ फुटला. "निघून जाणाऱ्यावर जवळच्याला एक वार करता येतो. नियमच आहे तसा!" मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तिकीट चाटून झाल्यासारखी जीभ आत घेतली. पण बाईंनी फासा उचलला होता.

"मारणार का रे मला?" फोनमधून ताईने विचारलं. म्हणायला थट्टेतच.

"नियम बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. आणि बाईंच्या हातातून त्यांनी फासा काढून घेतला आणि मुठीत धरून ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. कारकुनांनीही नाही. घसा साफ करायला त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

"नीट जा, ताई," ते म्हणाले. "पोचलीस की कळव."



"हो रे," ताई म्हणाली. "कळवते."