बॉल हातातून सुटेना

धाराशिवच्या आमच्या बायकांच्या क्रिकेट क्लबात एक पोलीस शिपाई, एक सरकारी दवाखान्यातली नर्स, दोन अंगणवाडीताई, कॉलेजच्या सात-आठ पोरी आणि पंचायत समितीत कारकुनी करणारी मी, एवढा संच होता. पोलिसातल्या बाई आमच्या कॅप्टन. त्यांना सगळ्या ताई म्हणायच्या. नर्स कीपिंग करायची, तिचं नाव घरचे सोडून कुणी घेत नव्हतं, मैदानातसुद्धा ती सिस्टरच. शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते, ते आमचे सर. आणि मी डावखुरी फिरकी टाकायचे. क्लबात मला जागा होती ती त्या फिरकीमुळेच. बॅटिंगला मी अगदी शेवटी यायचे आणि लवकर परतायचे.

आदल्या मोसमाच्या शेवटी सोलापूरला एक मॅच होती. चांगली ओव्हर चालली होती. मधेच एक बॉल हातातून सुटलाच नाही. हात वर गेला, खाली आला, आणि बॉल माझ्याच बुटाजवळ आपटला. सगळ्या हसल्या, मीही हसले. पुढचा सिस्टरच्या डोक्यावरून गेला. त्यापुढचा पुन्हा पायाशी. मग कुणी हसलं नाही.

मला वाटलं, एका दिवसाचं असेल. पण पावसाळाभर ते वाढतच गेलं. एकटीनं भिंतीवर टाकला की बॉल सरळ जायचा. रिकाम्या विकेटवर टाकला तरी पडायला हवा तिथंच पडायचा. समोर बॅट घेऊन कुणी उभं राहिलं की बोटं आखडायची. सोडायची वेळ कुठली, हेच हाताला कळेनासं व्हायचं. ऑफिसात बसल्या बसल्या टेबलाखाली माझा हात तीच हालचाल करत राहायचा. एका जागी बसवत नव्हतं. उगाच पाणी प्यायला उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. आई म्हणाली, "तुला मुंग्या लागल्यात का काय?"

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या तेव्हा सरांनी दौरा काढला. मोसम सुरू व्हायच्या आधी शाळांच्या संघांशी तीन मॅच. बेंबळी, मुरुम आणि भूम. "पोरासोरांशी खेळलं की हात मोकळे होतात," ते सगळ्यांना म्हणाले. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि मला कळलं की दौरा कुणाच्या हातासाठी आहे. त्यानं मी आणखीच अस्वस्थ झाले.

भाड्याच्या क्रूझरमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही बेंबळीला गेलो. शाळेचं मैदान, मधे मॅट अंथरलेली, पलीकडं तुरीचं रान. समोर नववी-दहावीची पोरं. टॉसआधी मुख्याध्यापकांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "ताया आहेत. जपून टाका. जोरात मारू नका."

ताई पुढं झाल्या. "सर, जपून न्हाय. त्यांना खेळतात तसं खेळू द्या. न्हायतर आमी कशाला आलो एवढ्या लांब?"

पोरं गालात हसली आणि मग खेळतात तसं खेळली. आम्ही बर्‍या धावा केल्या. त्यांची बॅटिंग आली, आणि थोड्या वेळानं ताईंनी बॉल माझ्याकडं टाकला.

पहिला बॉल माझ्या पायापुढं पडून घरंगळत अर्ध्या पिचवर थांबला. दुसरा कुणालाही न सापडता थेट सीमारेषेकडं गेला. तिसरा वाइड, चौथा वाइड. समोर चष्मा लावलेला, दहावीतला एक उंच पोरगा होता. पाचवा बॉल त्याच्यापासून इतका लांब पडला की वाइड देण्यासाठी अंपायरचे हात आधीच उचलले जात होते. तो पोरगा धावत पलीकडं गेला आणि बॅट कशीबशी लांब करून त्यानं तो बॉल अडवला. तेवढाच एक बॉल माझ्या खाती धरला जावा म्हणून. पुन्हा जागेवर येताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या बॉललाही त्यानं तेच केलं.

त्यानं सिक्सर मारला असता तर मी रात्री जेवले असते. त्या दयेनं माझे कान तापले. ओव्हर कशी संपली मला आठवत नाही. पुन्हा ताईंनी मला बॉल दिला नाही. मी सीमारेषेवर उभी राहिले, पण उभं राहवेना. कुणी बॉल मारायच्या आधीच मी इकडून तिकडं चालत होते. सर लांबून ओरडत होते, "अगं, एका जागी थांब की!"

बेंबळीहून तसंच पुढं मुरुमला निघालो. आमच्यातली एक अंगणवाडीताई मूळची तिकडची, तिच्या माहेरी मुक्काम होता. गाडीत पोरी भेंड्या लावत होत्या आणि मधूनमधून मला सल्ले देत होत्या. एक म्हणाली, बॅट्समनकडं बघूच नको, नुसता स्टंप बघ. दुसरी म्हणाली, डोळे मिटून टाक. सर म्हणाले, रनअप लहान कर. ताई म्हणाल्या, "कुणाचा तरी राग आण आणि टाक." मी सगळ्यांना व्हय म्हणत होते. मी खिडकी उघडते, बंद करते, पुन्हा उघडते, हे बराच वेळ बघून सिस्टरनं मात्र माझा हात धरून ठेवला. नाडी बघतात तसा.

त्या घरी अंगणवाडीताईच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला पाटावर बसवून मीठ-मोहरी आणि मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. लेकीशी कानडीत काहीतरी बोलल्या. लेक हसली. मी विचारलं तर म्हणाली, "आई म्हणतीय, कुणाची तरी लई वाईट नजर हाय, मिरच्या चुलीत टाकल्यावर वास पण आला न्हाय." मी हसले. खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली.

मुरुमला दुसर्‍या दिवशी मुलींच्या संघाशी मॅच होती. त्या सगळ्या मूळच्या खो-खोच्या. बॅट अजून नीट धरता येत नव्हती, पण बॉलला नुसता धक्का लागला की पळत सुटायच्या. आमच्या हातात बॉल येईपर्यंत त्यांची दुसरी धाव निम्म्यावर असायची. आपसात कानडीत एकमेकींना ओरडायच्या, आणि आम्ही कोण कुठं पळतंय ते बघत राहायचो. मला ते बघायला आवडत होतं. तेवढ्यात ताईंनी हाक मारून बॉल दिला.

मी म्हटलं, "ताई, आज नको."

"आज न्हाय तर कधी? सोलापूरला फायनलमध्ये?"

"दुसर्‍या कुणाला द्या."

"टाक म्हणते ना. चुकला तर चुकला."

मी रनअपला उभी राहिले. निघाले आणि मधेच थांबले. परत गेले. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. समोरची मुलगी बॅट आपटत वाट बघत होती. तिनं अंपायरकडं वळून काहीतरी विचारलं. तिसर्‍यांदा मी विकेटपर्यंत गेले, बॉल स्टंपाच्या बुडाशी खाली ठेवला आणि मैदानाच्या बाहेर चालू लागले. मागून सरांची हाक आली. मी थांबले नाही. चपलांच्या ढिगातून चपला पायात घातल्या, बूट हातात घेतले आणि शाळेच्या फाटकातून रस्त्याला लागले.

एसटी स्टँडवर उमरग्याची गाडी लागलेली होती. मी तिच्यात जाऊन बसले. पांढरे कपडे, गुडघ्यापर्यंत धूळ, मांडीवर बूट. शेजारी भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी होती, तिनं मला खालून वर बघितलं आणि थोडी सरकून बसली. ड्रायव्हर चहाला गेला होता. कंडक्टर बाहेरूनच म्हणाला, "सुटंल की बाई, घाई काय?" मला घाईच होती. गाडी हलली असती तर बरं वाटलं असतं. थांबलेल्या गाडीत मला राहून राहून उठावंसं वाटत होतं, आणि उठून जायला दुसरी जागा नव्हती. घरी जाऊन काय सांगायचं, सोमवारी ऑफिसात काय सांगायचं, क्लबात पुन्हा जायचं की नाही, सगळं एकदम डोक्यात चाललं होतं. यातलं एकही शेवटाला जात नव्हतं.

मग दारातून ताई चढल्या. त्यांच्या हातात माझी बॅग होती. त्यांनी ती माझ्या पायाशी ठेवली.

"जायचं तर सामान घेऊन जा. मी काय तुला धरून न्यायला आले न्हाय."

मी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळायला लागले.

"सिस्टरचं बोट गेलं," त्या म्हणाल्या. "थ्रो आला, टप्पा वाकडा पडला. तिनं आपलंच बोट आपण बघितलं आणि शेजारच्या बोटाला बांधून टाकलं. मोडलं न्हाय म्हणतीय, निखळलंय. पण तीन आठवडे तरी ग्लोव्हज न्हाय."

"मग मॅच?"

"सरांनी थांबवली. आता भूमचं काय करायचं ते सांग. कीपर न्हाय आपल्याकडं."

"मला काय विचारता? मी कधी कीपिंग केलं न्हाय."

"कुणीच केलं न्हाय. बाकीच्या पोरी बॉल अंगावर आला की तोंड फिरवतात. तू फिरवत न्हाईस, एवढंच मला ठाऊक. तुला बॉल टाकायला सांगत न्हाय मी. धरायला सांगतेय."

ड्रायव्हर चहा पिऊन आला. कंडक्टर दारात उभा राहून आमच्याकडं बघायला लागला. म्हातारी मला म्हणाली, "जा की बाई तिच्यासंगं. एवढं बोलावतीय तर." मी उतरले. ताईंनी माझी बॅग परत उचलली, आणि शाळेपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो.

भूमचा रस्ता धाराशिववरूनच जातो, म्हणून ती रात्र ज्याच्या त्याच्या घरी होती. सकाळी क्रूझर दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा मी अंथरुणात पडून ताप आलाय असं सांगायचा विचार करत होते. आईच आत येऊन म्हणाली, "गाडीवाला गल्ली उठवतोय, जा आता." मी गेले. गाडीत सिस्टर बसली होती, बोटं बांधलेली. तिला यायची काही गरज नव्हती. भूमपर्यंतच्या वाटेत तिनं मला कीपिंगचं सगळं शास्त्र तोंडी शिकवलं. बसायचं कसं, उठायचं केव्हा, बोटं खाली ठेव, बॉल ओढून घे, त्याच्यावर झडप घालू नको. "आणि बडबड कर," ती म्हणाली. "गप बसलीस की डोकं नको तिकडं चालतं."

भूमचं मैदान दगडासारखं होतं. मुलांची टीम होती आणि त्यांना आम्हाला हरवायचंच होतं, त्याचं मला बरं वाटलं. सुरुवातीचे बॉल माझ्या छातीला लागले, दंडाला लागले, एक पायांच्या मधून गेला आणि पोरांना चार फुकट मिळाले. सिस्टर सीमारेषेवरून ओरडत होती, "खाली बस! अजून खाली!" मी खाली बसले. दर बॉलला बसायचं, उठायचं, पळायचं, परत यायचं. विचार करायला वेळच मिळेना. हात पुढं करायचे आणि बॉल येईल तिथं न्यायचे, तेवढंच काम.

आमची एक कॉलेजची पोरगी फिरकी टाकायला आली. माझ्या जागेवर. तिचं मनगट मला समोरून दिसत होतं, आणि बॉल सुटायच्या आधीच मला कळत होतं की हा किती वळणार आहे. त्यांचा कॅप्टन पुढं सरसावून मारायला गेला, बॉल त्याच्या बॅटच्या बाहेरून माझ्या हातात आला आणि मी बेल्स उडवल्या. अंपायरनं बोट वर केलं. मी इतक्या जोरात ओरडले की ताई दचकल्या. पोरगी पळत येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि मला एकाच वेळी लई बरं वाटलं आणि लई वाईट वाटलं. तो बॉल मी टाकायला हवा होता.

मॅच आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, आणि जादा धावांतल्या निम्म्या माझ्या हातातून गेलेल्या होत्या. शाळेनं पेढे दिले. सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता पोरं गेलीत. रिकाम्या विकेटवर दोन टाकून बघतेस?"

"नको सर," मी म्हटलं. "आज खरंच नको."

त्यांनी मान हलवली आणि स्टंप उपटायला गेले.

त्या मोसमात सगळ्या मॅचमध्ये मी कीपिंग केलं. फिरकी अजून आलेली नाही. कधी नेटमध्ये एखादा बॉल नीट पडतो, त्याचा पुढचा पुन्हा पायाशी. सिस्टरचं बोट बरं झालं पण थोडं वाकडंच राहिलं. ती आता स्लिपमध्ये उभी राहते, माझ्या शेजारी, आणि माझ्या चुका मोजते. मागच्या आठवड्यात एक सोपा कॅच मी सोडला. ओव्हर संपल्यावर ती म्हणाली, "परत दे ते ग्लोव्हज. माझेच होते."

"घे की," मी म्हटलं आणि काढायला लागले.

तिनं हात मागं घेतला. "राहू दे. बोट दुखतंय अजून थंडीत. बस खाली, आली बघ ती टाकायला."