पाच पायांचा नंदी

भाऊ गेल्यानंतर आईचं बोलणं कामापुरतं उरलं. चहा झाला का, नळ आले का, एवढंच. पुसदच्या आमच्या गल्लीत तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी सजवून मिरवायच्या सणाची तयारी सुरू झाली, तेव्हा मला भावाचा लाकडी नंदी आठवला. लहानपणी त्यानं तो स्वतः रंगवला होता. घर बदलताना हरवला, फोटोही नाही. मोबाइलवरच्या एआयकडून त्याचं चित्र काढून घ्यावं आणि आईला दाखवावं, असं मनात आलं.

त्या ॲपमध्ये दोन पर्याय होते. झटपट चित्राला थोडेच पॉइंट लागत. बारकाईच्या चित्राला वेळ जास्त आणि पॉइंटही पुष्कळ. मी बारकाईचं निवडलं. भावाच्या बाबतीत हात आखडावासा वाटेना. बऱ्याच वेळानं मखमली झूल पांघरलेला, देखणा नंदी उमटला.

"चांगला हाये," आई म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

उरलेले पॉइंट पुरवायचे म्हणून मग मी झटपटवर आले. लगेच दुसरा नंदी आला. आईनं चष्मा वर सरकवला.

"अवं बाई, याले पाचवा पाय कायले लावला?"

"मी नाही, त्या एआयनं लावला."

"मंग सांग ना त्याले, आमचा नंदी चाकावर चाले म्हणा."

"चाकं कशाची होती गं?"

"रिळाची. माह्या शिलाईमशीनचे रीळ होते ते. सारा दोरा उकलून ठेवला पोट्ट्यानं. लय बदडलं होतं मी त्याले." आणि ती हसली.

मी त्याच्याहून बरीच मोठी, तेव्हा शिकायला बाहेर होते. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी चाकं लिहिली, तर ट्रॅक्टरची आली. शिंगं लिहिली, तर हरणाची. आई दर वेळी चिडायची आणि आणखी काही सांगायची. बारकाईच्या चित्रात तिला सांगायला जागाच नव्हती. ही घाईची, स्वस्तातली चित्रं इतकी चुकत होती की तिला गप्प बसवेना. त्या चुकांचे माझ्यावर उपकार आहेत.

शेवटी बारकाईच्या एका चित्रापुरते पॉइंट राहिले.

"आता नीट काढू?"

"थांब जराशी. मले अजून आठवून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचत बसले होते. आई पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"शेपटीचं सांगाचं राह्यलं," म्हणाली. "सुतळीची होती."

मी पुस्तक मिटलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.