झुंबरबाईचं मनगट

सोनाळ्यात लग्न ठरलं की लोक मुहूर्ताआधी झुंबरबाईला विचारीत. मांडे करावेत तर आमच्या या शेजारणीनंच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. बघणाऱ्याचं तोंड उघडं राही. माझं जरा जास्तच.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात खापर फुटलं आणि तिचं उजवं मनगट निखाऱ्यांवर टेकलं. जखम भरली, पण वण असा फुगून आला, जणू कातडीखाली दोर घातलाय. खाज इतकी, की बाई बोलता बोलता दाराच्या चौकटीला हात घासायची. वण ओढू लागला, मनगट वळेना.

पुढच्या वैशाखात गावातल्याच भगवंतरावांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी निरोप धाडला, "हात चालत नसन तं मांड्याचं जळगावच्या अंबूबाईले सांगतो."

झुंबरबाईला निखारे परवडले असते, अंबूबाई नाही.

एसटीनं मीच तिला जळगाव जामोदच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं थेट वणातच सुई टोचली.

"वहिनी, अशा बोंबलल्या की बाहेरचे दोघंतिघं पेशंट बरे होऊन घरी गेले," मी म्हटलं.

"तुमच्या जिभेले टोचाले सांगू काय, भाऊजी?"

डॉक्टर म्हणाला, दर महिन्याला सुई घ्यायची, रोज तेल लावून दाबून चोळायचं, मनगट वळवत राहायचं. परदेशात म्हणे कसल्याशा किरणांनी असे वण बसवायचे प्रयोग चालले आहेत.

"किरणं? मंग वैशाखात सोनाळ्याले या म्हणा त्याईले. फुकट भेटतीन!"

मनगट वळवायला तिनं नवऱ्याचं ओलं धोतर धरलं. रोज अंगणात उभी राहून ते मांड्यासारखं हातांवर झुलवायची. गल्लीत बोभाटा झाला, बाईच्या अंगात येतं. नवरा कडूबा पंचा गुंडाळून ओट्यावर बसलेला. "मी बाहीर कसा जाऊ वं?"

बोभाटा ऐकून भगवंतराव स्वतःच आले. "झुंबरबाई, एक मांडा करून दाखव. नाही जमला तं राग मानू नको."

खापर चढलं. महिन्याच्या सुयांनी वण बसला होता, गेला नव्हता. मनगट पाऊणच वळे. पहिला मांडा मधोमध फाटला. भगवंतराव चपला शोधू लागले. तेवढ्यात बाईनं दुसरा गोळा डाव्या हातावर घेतला, उजव्याचा नुसता आधार दिला. मांडा उलट्या अंगानं फिरत, पसरत गेला आणि खापरावर उतरला, आतलं पुरण दिसेल इतका पातळ.

भगवंतरावांनी तो अख्खा संपवला आणि बोटं चाटत विचारलं, "मंग अंबूबाईले काय सांगू?"

"ये म्हणा. पाट्यावर पुरण वाटाले माणूस लागतेच."

फाटका मांडा माझ्या ताटात आला. "खा भाऊजी, तेवढंच तोंड बंद राह्यते."

मी तूप मागितलं.