वाढत्या अंगाचे बाण

फ्रान्सिसकाका काहीही मापलं की त्यात दोन बोटं वाढवायचे. शेल्फची फळी असो, कुत्र्याची साखळी असो. मूळचे वसईचे. मॉन्ट्रियलला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली. तिथे केसाएवढी चूक चालायची नाही, म्हणून की काय, बाहेर सगळीकडे ते सैल हाताने मापत. रिटायर झाल्यावर मी राहतो त्या कनाटा गावापासून पाऊण तासावर थोडी जमीन घेऊन मेरीकाकूंबरोबर राहत होते आणि दर ऑक्टोबरात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करत.

मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. डासाखेरीज आयुष्यात काही मारलेलं नाही. पण चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन पळतं, मी शिकारीच्या लायसन्सचा कोर्स केला. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला काका भेटले आणि मी त्यांच्या गळ्यातच पडलो, "काका, मला शिकवा." त्यांनी आधी माझे दंड चाचपले. म्हणाले, "हात आहेत की शेवग्याच्या शेंगा?"

एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या बाणाचं माप घेतलं. न कापलेला लांबलचक बाण लावून मला दोरी ओढायला सांगितली आणि धनुष्याच्या पुढच्या कडेशी पेन्सिलने खूण केली. "आता याच्यापुढे दोन बोटं सोडून कापायचं. एक बोट पात्यासाठी, एक तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी कशाला?"

"तू वाढशील ना."

"काका, मी बेचाळीस वर्षांचा आहे!"

"अरे, खांदे उघडतील, पाठीने ओढायला शिकशील. मग दोरी आणखी मागे येईल. वाढत्या अंगाचं घे, बाळा."

झालं! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आईने पाचवीत मला वाढत्या अंगाची खाकी चड्डी शिवली, ती मी आठवीपर्यंत पट्टा आवळून घातली. अंग काही वाढलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं की मोठेपणी जे घेईन ते बरोबर मापाचं.

उन्हाळाभर दर रविवारी मी काकांच्याच लांब बाणांनी सराव केला. गवताचे भारे सोडून आजूबाजूचं सगळं मारलं. काका मागून म्हणायचे, "दुसमाँ, सुहास, दुसमाँ." मॉन्ट्रियलचं फ्रेंच. म्हणजे हळू, सांभाळून. चिडले तरी हेच आणि कौतुक केलं तरी हेच.

सप्टेंबरात मी इंटरनेटवर वाचलं की बाण आखूड असला की हलका होतो आणि वेगाने जातो. एप्रिलचं माप माझ्या एक्सेल शीटमध्ये होतंच. करवत ऑनलाइन मागवली आणि बेसमेंटमध्ये डझनभर बाण बरोबर त्या मापाचे कापले. दोन बोटं वगैरे काही नाही. पुढे शिकारीची पाती बसवली, तीन धारांची, दाढीच्या ब्लेडसारखी. काकांना सरप्राइज द्यायचं होतं.

सीझनच्या आदल्या रविवारी मी ऐटीत बाण लावला आणि दोरी ओढली. बाण डाव्या मुठीच्या वर एका छोट्या कडेवर टेकलेला असतो. उन्हाळ्यात मी खरंच वाढलो होतो, दोरी बोटभर जास्त मागे आली. पातं कडेच्या मागे घसरलं आणि थेट माझ्या मुठीवर येऊन बसलं. दोरी सोडली असती तर डाव्या हाताचं बोट गेलं असतं. आणि ओढलेली दोरी फार वेळ धरवत नाही.

"सोडू नकोस!" काका ओरडले. मग एकदम आवाज खाली आणून बाजूने आले. चामड्याचा मोजा घातलेल्या हाताने त्यांनी पात्यामागची काडी चिमटीत धरली आणि वर उचलली. "आता दोरी पुढे येऊ दे. दुसमाँ. दुसमाँ." मी दोरी इंचाइंचाने पुढे नेली. दोरी जागेवर आली तेव्हा त्यांच्या मोज्याचा अंगठा उभा चिरला होता. आत थोडं रक्त होतं.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी एक बाण उचलून बघितला आणि विचारलं, "सगळे असेच कापलेस?"

"हो."

"शाब्बास. टोमॅटोच्या रोपांना आधार लागतोच."

ते अकरा बाण अजून माझ्या टोमॅटोंना आहेत. बारावा काकांनी स्वतःकडे ठेवला, येईल त्याला दाखवायला. मी त्या वर्षी शिकारीला गेलो नाही. पुढे गेलो, पण हरणांना माझ्यापासून आजवर धोका झालेला नाही.

नंतर काका थकत गेले. त्यांचा बाण पूर्वी धनुष्यापुढे दोन बोटं दिसायचा, मग तीन, मग चार. मी एकदा मूर्खासारखं विचारलं, "काका, नवे लांब बाण घेतलेत का?" ते हसले. "बाण तेच आहेत रे. मीच आखडलो."

या जानेवारीत ते गेले. बर्फ वितळल्यावर मेरीकाकूंनी त्यांचा भाता माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "बाण त्यांनी तुझ्यासाठीच ठेवलेत."

मी त्यांच्याच परसात जाऊन एक बाण लावला आणि पूर्ण ओढला. पातं धनुष्यापुढे दोन बोटं होतं, अगदी बरोबर. समोर गवताचे भारे होते, पण मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. तसाही नेम चुकलाच असता. कुणी सांगायला नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने "दुसमाँ" म्हणालो आणि दोरी हळूहळू पुढे येऊ दिली.