कायद्यात बसत नाही

चौकीत त्याला सगळे कलमदादा म्हणत. होता साधा हवालदार, पण कायद्याची कलमं त्याला तोंडपाठ. साहेबसुद्धा पुस्तक उघडायच्या आधी त्याच्याकडे बघायचे. मारामारी असो की पाकीटमारी, समोरचा बोलत असतानाच हा मनात कलम लावून मोकळा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी तयार कपड्यांच्या दुकानातली एक विक्रेती चौकीत आली. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल होता. ट्रायल रूममध्ये आरशाच्या वरच्या फळीवर, भोक पाडलेल्या बुटांच्या खोक्यात तो तिला सापडला होता, चालू अवस्थेत. मोबाइल मालकाच्या मेहुण्याचा. त्यात गिऱ्हाईक बायकांचे, दुकानातल्या मुलींचे आणि तिचे स्वतःचे कपडे बदलतानाचे व्हिडिओ होते.

कलमदादाने सगळं ऐकून घेतलं.

"अंगाला हात लावला का त्यानं?"

"नाही."

"धमकी दिली? हे कुणाला दाखवलं?"

"ते मला कसं कळणार?"

"मग बाई, हे कायद्यात बसत नाही. दुकान त्यांचं, मोबाइल त्यांचा. तुमच्याजवळ राहिला तर उलट चोरीचं बालंट तुमच्यावर यायचं. मुकाट्यानं परत देऊन टाका."

तिने मोबाइल परत दिला. संध्याकाळपर्यंत त्यातलं सगळं पुसलं गेलं आणि तिची नोकरीही गेली. कलमदादाला यातलं काही कळलं नाही. जाणून घ्यायला तो गेलाही नाही.

ती मात्र गप्प बसली नाही. आधी दुकानातल्या मुलींशी बोलली, मग शेजारच्या दुकानांतल्या. त्यांना एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी पुस्तकं चाळून सांगितलं, की हवालदार म्हणाला ते खरं आहे, असं कलमच नाही. "नाही ना? मग करायला लावू," असं ती म्हणाली म्हणे. बायकांनी सह्या गोळा केल्या, ट्रायल रूम तपासू न देणाऱ्या दुकानांकडे पाठ फिरवली. वर्तमानपत्रात तिची हकीकत छापून आली, आणि हवालदाराचं वाक्य भिंतीभिंतीवर गेलं: 'कायद्यात बसत नाही? मग कायद्याला उठवा!'

चौकीत हशा पिकला. "कलमदादा, गाजताय की. आम्हाला विसरू नका," एकजण म्हणाला. तोही सगळ्यांबरोबर हसला. पण घरी जाताना तो तसल्या भिंतीसमोरून जायचं टाळू लागला. गल्लीतून वळसा घ्यायचा. मग गल्लीतही ते वाक्य लागलं.

मोर्चाच्या दिवशी त्याची नेमणूक बंदोबस्तावर झाली. चौकाच्या कोपऱ्यावर काठी धरून तो उभा होता आणि समोरून बायकांची रांग संपतच नव्हती. म्हाताऱ्या होत्या, पोरं कडेवर घेतलेल्या होत्या. पुढचीने विचारायचं, "कायद्यात?" मागच्या सगळ्यांनी ओरडायचं, "बसत नाही!" स्वतःच्या तोंडचे शब्द एवढ्या तोंडांतून ऐकताना त्याचे कान तापले. टोपी पुढे ओढून तो डांबराकडे बघत राहिला. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं, तरी मान वर होईना.

घरी आला तर मुलीचा आवाज बसलेला. तीही मोर्चाला जाऊन आली होती.

"बाबा, असं बोलणारा पोलीस कसला हो असेल?"

"असतात," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. बायको स्वयंपाकघरातून त्याच्याकडे बघत होती.

मंत्री आधी म्हणाले, आहे तो कायदा पुरेसा आहे. मग समिती नेमली. समितीपुढे त्या विक्रेतीने पुन्हा सगळं सांगितलं. सरकार आढेवेढे घेत राहिलं, पण बायका मागे हटल्या नाहीत, आणि शेवटी विधेयक मंजूर झालं. चोरून चित्रीकरण करणं गुन्हा ठरला. नवं कलम शिकवायला चौकीत एक अधिकारी आले. सुरुवातीलाच म्हणाले, "तुमच्यातल्याच एका हवालदारानं..." सगळ्या माना कलमदादाकडे वळल्या. आता कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

पुढे ती विक्रेती पुन्हा चौकीत आली. तिच्याबरोबर दुसऱ्या दुकानातली एक घाबरलेली मुलगी होती. तिच्याही बाबतीत तसंच घडलं होतं. कलमदादाने मोबाइल जप्त केला, पंच बोलावले, तक्रार शब्दन् शब्द लिहून घेतली. मुलगी सही करत असताना तो विक्रेतीला हळूच म्हणाला, "तुमच्या वेळचं नव्या कायद्यात घेता येत नाही. आधी घडलेल्याला तो लागू होत नाही."

"माहीत आहे. वकीलबाईंनी सांगितलंय."

"तेव्हा खरंच कलम नव्हतं, बाई."

"तेही माहीत आहे. त्याचा राग नव्हताच मला," ती म्हणाली. "तुम्ही हसला होतात."

"मी?"

"'नुसतं बघितल्यानं काय झिजतं का?' असं म्हणून हसलात. मी समितीपुढे सगळं बोलले, पण तेवढं वाक्य नाही सांगू शकले. जिभेवर येईना."

इतके महिने तो स्वतःला बजावत होता की आपण फक्त कायदा सांगितला. हे वाक्य त्याच्या आठवणीत नव्हतंच. पण ती बोलली आणि त्याला आपलाच आवाज ओळखू आला, हसण्यासकट. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"चुकलं माझं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिने 'असू दे' म्हटलं नाही. त्या मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन निघून गेली.

त्या मुलीच्या खटल्यात दुकानदाराला शिक्षा झाली. विक्रेतीच्या दुकानातल्या त्या मेहुण्याला मात्र काहीच झालं नाही. त्याने गावाच्या दुसऱ्या बाजूला नवं दुकान थाटलं. त्यावरून जाताना कलमदादा अजून रस्ता ओलांडतो.

शिक्षेची बातमी घरी त्याच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा त्याने तिला सांगितलं. तो हवालदार कोण, ते. हसण्याबद्दलही सांगितलं. बायको म्हणाली, "मी मोर्चाच्या दिवशीच ओळखलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

मुलगी बराच वेळ पेपराच्या कडा दुमडत राहिली.

"त्यांना बसा तरी म्हणाला होतात का, बाबा?"

"नाही," तो म्हणाला. "उभीच होती ती."

मुलगी उठून आत गेली. तो तिच्या मागे गेला नाही.