लाकूडगाडीच्या पुलावर

गेलं वर्षभर माझं देवाशी बोलणं बंद होतं. यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि माझा सगळा भरवसा गोळ्यांच्या डबीवर येऊन ठेपला. दुपारी त्यांचा डोळा लागला तरी मी जवळ बसून श्वास पाहत असे. हात जोडावेसे मात्र वाटत नसत.

यजमान रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. बडोद्याच्या पूर्वेला जंगलातून सागाचे ओंडके आणणारी एक छोटी गाडी पूर्वी चालायची. तिचा मोडलेला मार्ग पायी पाहायचा, हा त्यांचा जुना ध्यास. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिल्यावर हिवाळ्यातल्या एका सकाळी बडोद्यातल्या रावपुऱ्यातल्या घरून आम्ही दोघं निघालो आणि बसने जंगलाच्या कडेला उतरलो. रूळ कधीच उखडून नेलेले. उरला होता मातीचा भराव आणि सागाच्या पानांत बुडालेले काही स्लीपर, रुळांखालचे लाकडी ठोकळे. यजमान काठी टेकत लहान मुलासारखे पुढे चालले होते.

ओढ्यावर गाडीचा जुना लाकडी पूल लागला. मी म्हटलं, "अहो, खालून जाऊ या."

"जन्मभर पूल तपासलेत मी," ते हसले, आणि काठी पुलावर टेकून त्यांनी पाऊल उचललं.

"ऊभो रे!" मागून बाईचा खणखणीत आवाज आला. म्हणजे 'थांब!' यजमानांनी दचकून पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात काठीखालचा स्लीपर खचला आणि अर्धा पूल कडाडत ओढ्यात कोसळला. काठीही गेली. मी पळत जाऊन यजमानांना मागे ओढलं.

झाडीतून एक आदिवासी बाई आली, हातात कासरा. मी तिचे पाय धरायला वाकले, तशी ती संकोचून मागे सरली. "हूं तो मारा बळदने कहेती'ती, बेन." ती तर आपल्या बैलाला थांबवत होती! पूल पडलेला पाहून तिनेही तोंडावर हात ठेवला.

यजमानांचा हात धरून मी त्यांना आल्या वाटेने परत आणलं.

तो आवाज कुणाचा, याचा वाद मी घालत नाही. त्यांना जपते आहे ती मीच, असं मी समजत होते. पण त्या क्षणी मी चार पावलं मागे होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. गोळ्या आजही वेळेवर देते. त्यापलीकडचं आता हात जोडून देवावर सोडलं आहे, आणि खूप दिवसांनी मला गाढ झोप लागते.