शुक्र की रशियाचा गोळा?

रशियाने आकाशात उपग्रह सोडल्यापासून आमच्या घरचं आकाशखातं माझ्याकडे होतं. त्या माघात पश्चिमेला दिसणारा ठसठशीत उजेड मी मुलांना रशियाचा गोळा म्हणूनच दाखवला होता.

एका संध्याकाळी पाहुणे उतरवून घ्यायला उमरेडच्या मोटारीच्या थांब्यावर गेलो. शेजारी गांधीबागेच्या बाजारातून सूत घेऊन गावाकडे निघालेला एक विणकर होता. त्यालाही, विचारलं नसताना, मी तो गोळा दाखवला.

त्याचा चेहरा पडला. "मले वाटलं, शुक्र उगवला. त्याच्याबिगर पोरीचं लगन लागत नाही, अन् सोयरे थांबाले तयार नाहीत."

"गोळा असला तर सरकेल," मी म्हणालो.

त्याने मान तिरकी केली, तो उजेड नजरेने विजेच्या तारेवर बसवला आणि ताण्यातला धागा न्याहाळावा तसा एक डोळा मिटला. मीही मिटला.

"काहून गा भाऊ, हालला का?"

"नाही अजून," मी म्हणालो, आणि मनात मात्र 'हलू नको रे बाबा' सुरू झालं होतं.

मोटार आली तरी उजेड तारेच्या जवळच होता. पाहुणे उतरले. सुताचं गाठोडं टपावर चढवून विणकर हसला. "लगनाले या भाऊ. गोळा बी घेऊन या."

दुसऱ्या संध्याकाळी मी मुलांना शुक्र दाखवला.

"कालपर्यंत हा रशियाचा होता ना?" बायकोने विचारलं.

"होता," मी म्हणालो, "पण आता त्याच्यावर एका पोरीचं लग्न अडकलंय."